मदत हवी: मंडळाचं खातं बँकेने अडवलंय, वर तहहयात विश्वस्तांचा नवा कायदा

चाळकरी_लालबाग
नमस्कार मंडळी. आमचे खजिनदार मे महिन्यात गेले. खात्यावर दोघांच्या सह्या, त्यातली एक त्यांची. बँक म्हणते, नवीन सही चढवायची तर ताजा शेड्यूल वन आणा, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतला विश्वस्तांच्या नावांचा उतारा. तो काढला, तर त्यावरची निम्मी माणसं हयात नाहीत. त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की नव्या कायद्याने तहहयात विश्वस्त बंद. आमच्याकडे सातपैकी चार तहहयात आहेत. सगळे सत्तरीपलीकडचे, मंडळ उभं केलं ते त्यांनीच. त्यांना ‘बाजूला व्हा’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वाचनालयाच्या पेपरवाल्याचे पैसे थकलेत, व्यायामशाळेचं लाइट बिल मी खिशातून भरलं. गणपती तोंडावर आलेत. काय करू ते लवकर सांगा.

गिरगावकर
नोंदणी कुठली ते आधी सांगा. १८६० चा संस्था नोंदणी कायदा, १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा, की दोन्ही? नोंदणीच्या नंबरात ‘एफ’ आहे का, म्हणजे दोन्हीकडे नोंदलेली संस्था? शेवटचा चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्तांमधला बदल कळवणारा अर्ज, कधी मंजूर झाला? आणि मंडळाची घटना, म्हणजे नियमावली, हाताशी आहे का?

मुलुंड_सेक्रेटरी
आमच्या सोसायटीत हाच घोळ होता. सरळ उपनिबंधकांकडे जा. अडीचशेपर्यंत सभासद असतील तर निवडणूक तुमची तुम्हाला घेता येते. वार्षिक सभा मात्र ३० सप्टेंबरच्या आत घ्या.

गिरगावकर
साहेब, ते गृहनिर्माण संस्थांचं, सहकार कायद्यातलं. यांचं मंडळ आहे. यांना वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जावं लागेल.

मुलुंड_सेक्रेटरी
सोसायटी ती सोसायटी. सभासदांची यादी दोन्हीकडे लागतेच.

चाळकरी_लालबाग
दोन्ही नोंदण्या आहेत, नंबर एफने सुरू होतो. घटना कपाटात आहे, किल्ली अध्यक्षांकडे आणि ते गावी गेलेत. पण घटनेचा आणि बँकेचा काय संबंध?

रत्नागिरीचा_भाचा
गणपतीपुरतं बघायचं तर विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१ सी खाली वर्गणीची तात्पुरती परवानगी काढा. आमचं मंडळ दरवर्षी तेच करतं. वर्गणीचा प्रश्न सुटला.

हिशेबतपासनीस
नाही सुटला. ४१ सी ज्यांची नोंदणी नाही त्यांच्यासाठी. यांचं मंडळ नोंदलेलं आहे, नंबर आहे. असा सल्ला देऊन त्यांना दुसऱ्याच खिडकीत पाठवू नका.

रत्नागिरीचा_भाचा
आम्हाला कुणी कधी अडवलं नाही.

हिशेबतपासनीस
तुमची नोंदणी नाही म्हणून अडवलं नाही!

परळची_वाचक
वाचनालय कुठल्या वर्गात आहे? अ, ब, क की ड? अनुदान येत असेल तर तेही याच खात्यात येत असणार. गल्लीतलं वाचनालय एकदा बंद पडलं की परत उघडत नाही हो. पेपरवाल्याचं आधी बघा.

हिशेबतपासनीस
घटनेचा संबंध सांगतो. तुमच्यासारख्या संस्थेत कार्यकारिणीचीच नावं विश्वस्त म्हणून शेड्यूल वनवर चढतात. ती कार्यकारिणी कशी निवडायची, किती वर्षांसाठी, सभेची नोटीस किती दिवस आधी, हे सगळं घटनेत असतं. बदल झाला की त्याच कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा. तो तुम्ही दिलेला दिसत नाही. मधली एक निवडणूक जरी नोंदायची राहिली, तरी पुढची कार्यकारिणी कुणी निवडली हा प्रश्न येतो. म्हणून क्रमाने सगळे अर्ज करायचे, प्रत्येकासोबत विलंबमाफीचा अर्ज. जोडायचं काय? सभेची नोटीस, हजेरी, ठराव, नव्यांची संमतीपत्रं, गेलेल्यांचे मृत्यूचे दाखले. २०१७ च्या दुरुस्तीने विश्वस्तांच्या नावातला बदल तात्पुरता मंजूर करायची सोय झाली आहे. तो आदेश सहीसाठी चालेल का, हे शाखेत लेखी विचारा.

तहहयातचं म्हणाल तर बातमी अर्धी खरी आहे, बंद नाही झालं. २०२५ च्या दुरुस्तीत कलम ३० ए आलं आणि तहहयात विश्वस्तांना एकूण संख्येच्या एक चतुर्थांशाची मर्यादा आली. पण चौघांना काही सांगायच्या आधी घटनेतलं कलम शब्दशः इथे टाका. ऑडिट कुठवर झालंय?

चाळकरी_लालबाग
ऑडिट दरवर्षी होतं, खजिनदार ३१ मार्चनंतर लगेच वह्या देत. अध्यक्षांच्या सूनबाईंनी कपाट उघडून दिलं. घटनेत लिहिलंय: ‘कार्यकारी मंडळाची मुदत तीन वर्षे राहील व निवडणूक वार्षिक सर्वसाधारण सभेत होईल.’ तहहयात हा शब्द कुठेच नाही! आम्ही लहानपणापासून त्यांना तहहयात म्हणत आलो.

गिरगावकर
मग ३० ए ची चिंता सोडा. निवडणूक झाली नाही म्हणून कुणी तहहयात होत नाही. त्यांची मुदत तुमच्याच घटनेने संपवली आहे, नव्या कायद्याने नव्हे. घटनेप्रमाणे नोटीस काढून सभा घ्या. त्यांना उभं राहायचं असेल तर राहू दे, सभासद निवडून देतील.

मुलुंड_सेक्रेटरी
सभासद रजिस्टर आधी पुरं करा. आमच्याकडे त्यावरूनच तक्रार झाली होती.

हिशेबतपासनीस
हे मात्र बरोबर. मतदान कुणाला, हे रजिस्टरवरच ठरणार.

चाळकरी_लालबाग
एक शेवटचं. २०१६ च्या निवडणुकीचं इतिवृत्त सापडलं, हजेरीवर सह्या आहेत. नोटीस नाही. एक सभासद म्हणतो, त्या तारखेची आता टाइप करून लावू.

हिशेबतपासनीस
अजिबात नको. खोटा कागद लावलात तर उद्या एकाने हरकत घेतली की अख्खा अर्ज अडकेल. नोटीस सापडत नाही असं प्रतिज्ञापत्रात लिहा आणि हजेरीवरचे जे हयात आहेत त्यांची प्रतिज्ञापत्रं जोडा. तुमचे चौघे त्या सभेला होते ना? त्यांच्यापासूनच सुरुवात करा.