जुन्या डेस्कटॉपचा मदरबोर्ड गेला म्हणतात. दुरुस्त करावा की बदलावा? (नागपूर)

महालचा_डीटीपीवाला
नमस्कार मंडळी. महालात माझं लग्नपत्रिका-हँडबिलचं दुकान आहे. मशीन जुनं आहे : कोअर टू ड्युओ ई७५००, जी४१ चिपसेटचा बोर्ड, डीडीआर३ रॅम, विंडोज ७. हिवाळ्यापासून सकाळी नखरे सुरू झाले. बटण दाबलं की पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही, थोड्या वेळाने आपोआप बंद. बरेचदा बटण दाबत राहिलं की एकदाचा सुरू होतो आणि मग दिवसभर चालतो. आता ऊन तापायला लागल्यापासून दुपारी कोरलमध्ये (पत्रिका जुळवायचं सॉफ्टवेअर) मोठी फाईल उघडली की जागीच हँग. तारीख-वेळही रोज सकाळी चुकलेली असते.

मेकॅनिक कॅबिनेट न उघडताच म्हणाला, "बोर्ड गेला, नवीन घ्या." घेतलाही असता, पण मराठी फॉन्टचं माझं जुनं पॅकेज डोंगलवर (मशीनला लावायची सॉफ्टवेअरची छोटी किल्ली) चालतं, आणि ते डोंगल मागच्या २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टला लागतं. नव्या मशीनला तो पोर्ट सहसा नसतोच. जुन्या सगळ्या पत्रिका त्याच फॉन्टमध्ये आहेत. ऐन लग्नसराई आहे, लवकर सांगा.

मानेवाडा_एक्सप्रेस
भाऊ, काहून जुन्यात पैसा टाकून रायले? नवीन घ्या अन् मोकळे व्हा. यूएसबीवरून प्रिंटर पोर्ट काढायची वायर भेटते ना बर्डीच्या बाजारात.

सोल्डरवाले_काका
ती वायर प्रिंटरसाठी असते. डोंगल थेट पोर्टच्या पत्त्यावर बोलतं, त्यामुळे त्या वायरवर ते बहुधा ओळखलंच जात नाही. पीसीआय स्लॉटमध्ये लावायचं कार्ड मिळतं, पण त्याला पत्ता वेगळा मिळतो आणि जुनं पॅकेज ३७८ या जुन्या ठरलेल्या पत्त्यावरच शोधत बसतं. म्हणजे महालवाल्यांचं दुखणं खरं आहे.

आता मशीनकडे. बोर्डावर शिक्का मारायच्या आधी एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) तपासा. तुम्ही सांगता ती लक्षणं एसएमपीएसचीही असू शकतात आणि बोर्डाचीही, कारण दोन्हीकडे म्हाताऱ्या झालेल्या कपॅसिटरचाच (वीज साठवणारे छोटे नळकांडीसारखे भाग) खेळ असतो. आतलं द्रव सुकत गेलं की त्याचा अंतर्गत रोध वाढतो, आणि थंडीत तो आणखी वाढतो. डिसेंबरात सकाळी आपल्याकडे पारा १० च्या आसपास असतो, तेव्हा पहिल्या झटक्याला पुरेसा दाब मिळत नाही. बटण दाबून दाबून ते जरा गरम होतात आणि मशीन उठतं. उन्हाळ्यात उलटं. साधारण हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य अर्धं होतं. बाहेर ४५ असेल तर कॅबिनेटमध्ये काय असेल, तुम्हीच सांगा.

मल्टिमीटर असेल तर मशीन चालू असताना एसएमपीएसच्या वायरांवर मोजा. काळी वायर आणि पिवळी : ११.४ ते १२.६ व्होल्ट. काळी आणि लाल : ४.७५ ते ५.२५. जांभळ्या वायरवर मशीन बंद असतानाही ५ व्होल्ट हवेत, फक्त मेन स्विच चालू ठेवा. पिवळीचा आकडा कोरल उघडताना बघा, नुसतं डेस्कटॉप दिसत असताना सगळे एसएमपीएस गुणी असतात. ओळखीच्याकडून चालू एसएमपीएस दोन दिवस मागून आणलात तर याहून बरं. जुन्याचा डबा मात्र उघडू नका, वायर काढल्यावरही आत तीनशेच्या घरात व्होल्ट साठलेले असू शकतात.

मग बोर्ड. प्रोसेसरभोवतीचे उभे कपॅसिटर टॉर्च लावून बघा. माथा सपाट हवा. फुगलाय किंवा तपकिरी काही पाझरलंय, तर तो गेला.

खामला_२२
काकांनी रॅमचं सांगितलं नाही. बंद करून, वायर काढून, रॅम बाहेर काढा, सोनेरी कडा खोडरबरने घासा, स्लॉट ब्रशने साफ करा. नागपुरात कूलरसमोर कॅबिनेट ठेवलेलं असलं की धूळ आणि ओल दोन्ही आत जातात, हे दर उन्हाळ्यात बघतो. आणि रॅम न लावता चालू करून बघा. बोर्डाला छोटा स्पीकर असेल आणि तो बीप देत राहिला, तर प्रोसेसर आणि बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) जिवंत आहेत.

प्रोसेसरवरच्या (७७५ सॉकेट) पंख्याचे चार प्लॅस्टिक खिळेही हलवून बघा. एक जरी सुटला तरी प्रोसेसर तापतो, दुपारच्या हँगला तेवढं पुरतं.

सोल्डरवाले_काका
खिळ्यांचं बरोबर. तारखेचं कारण साधं आहे : रात्री मेन स्विच बंद करता, तेव्हा घड्याळ सीआर२०३२ सेलवर चालतं आणि तो संपलाय. पण सेल काढायच्या आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो घ्या. सेटिंग पुसली गेली की काही बोर्डांवर साटा मोड (हार्डडिस्कशी बोलायची पद्धत) आयडीईचा एएचसीआय होऊ शकतो, मग विंडोज निळा पडदा दाखवतं आणि लोक हार्डडिस्क गेली म्हणून रडतात. प्रिंटर पोर्टचा मोड आणि ३७८ हा पत्ताही तिथेच असतो.

महालचा_डीटीपीवाला
काका, भाच्याचा एसएमपीएस आणून लावला. सकाळी पहिल्याच बटणाला सुरू! जुन्यावर पिवळी वायर कोरल उघडताना ११.२ दाखवत होती. रॅम काढल्यावर बीपही आले. सेल बदलला, फोटो बघून सेटिंग लावली, डोंगल ओळखलं. पंख्याचे खिळे घट्ट आहेत. पण दुपारी अजून एकदा हँग झालं, आणि प्रोसेसरजवळचे तीन कपॅसिटर वरून फुगलेले दिसतात. आता बोर्ड बदलू का?

मानेवाडा_एक्सप्रेस
म्हणजे मेकॅनिक अर्धा खरा निघाला 😄

सोल्डरवाले_काका
अर्धाही नाही. तीन कपॅसिटरसाठी बोर्ड फेकत नाहीत. बर्डीवर टीव्ही-मॉनिटरची कामं करणाऱ्याकडेसुद्धा हे होतं, चिप लेव्हलचं मोठं मशीन लागत नाही. तीनच नाही, त्या रांगेतले सगळे बदलून घ्या. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशाचे आणि लो ईएसआर (अंतर्गत रोध कमी असलेले). साधे जनरल टाकले तर पुढच्या उन्हाळ्यात परत याल. सुटे भाग आणि मजुरी किती, हे बोर्ड सोपवायच्या आधी विचारा. एसएमपीएस मात्र नवाच घ्या, जुना परत लावू नका.

द्यायच्या आधी हार्डडिस्क काढून घरी ठेवा आणि साटा-यूएसबी वायरने सगळ्या फायलींची दुसरी प्रत करा.

खामला_२२
आणि पर्याय म्हणून एक जी४१ बोर्ड नजरेत ठेवा. दुकानदाराने "पोर्ट आहे" म्हटलं तरी मागची बाजू डोळ्यांनी बघा, किंवा बोर्डावर एलपीटी (म्हणजे प्रिंटर पोर्ट) छापलेली २६ जागांची पिनपट्टी शोधा. तिला पट्टीवाली केबल लावली की पोर्ट बाहेर येतो. जुनी विंडोज मूळ बोर्डाला बांधलेली असेल तर नव्या बोर्डावर ॲक्टिव्हेशन मागेल, तेही ध्यानात असू द्या. विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून अपडेट नाहीत, त्यामुळे हे मशीन इंटरनेटपासून दूरच बरं. मेल दुसऱ्यावर बघा.

महालचा_डीटीपीवाला
डिस्क काढली, प्रत चालू आहे. बोर्ड सोमवारी देतो. तोवर पत्रिका भाच्याच्या लॅपटॉपवर युनिकोडमध्ये जुळवतोय, दोन गिऱ्हाइकांना तर फरकही कळला नाही.

सोल्डरवाले_काका
मग जुन्या मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर आत्तापासूनच करायला घ्या. डोंगलचं प्लॅस्टिकही त्याच वयाचं आहे.