एरोप्रेस: घरचा घ्यावा की प्रवासाचा?

प्रश्न (खानापूर): मी आठवड्यातले तीन दिवस कामानिमित्त बेळगावी मुक्कामाला असतो आणि उरलेले दिवस घरी, जिथे सकाळी आम्ही दोघे कॉफी घेतो. नेहमीचा एरोप्रेस (हाताने दाबून कॉफी काढायचे साधन) घ्यावा की त्याचाच प्रवासी प्रकार ‘गो’, हे कृपया सुचवावे.

उत्तर (निपाणी): दोहोंचे तत्त्व एकच आहे, दट्ट्याच्या दाबाने पाणी कॉफीच्या पुडीतून आणि कागदी गाळणीतून खाली उतरते. नेहमीच्यात सुमारे २९५ मिलिलिटर मावते, ‘गो’मध्ये सुमारे २३७, मात्र ‘गो’चे सर्व भाग त्याच्याच पेल्यात बसत असल्याने पिशवीत तो फारशी जागा अडवत नाही. गाळणीचे कागद दोहोंना तेच चालतात.

उत्तर (बेळगाव): घरी कॉफीचा पितळी फिल्टर आहे का? असल्यास दोघांचे डिकॉक्शन (कॉफीचा दाट अर्क) त्यातच काढावे, कारण एरोप्रेसमध्ये दोन पेले करायचे तर दाट अर्क काढून वरून पाणी किंवा दूध घालावे लागते. फिल्टरची चिकोरीमिश्रित (भाजलेल्या चिकोरी मुळाची पूड मिसळलेली) पुडी मात्र एरोप्रेसमध्ये वापरू नये. मला तरी ती चव रुचली नाही.

प्रश्नकर्ता: फिल्टर आहे, आजीच्या वेळचा. तेव्हा ‘गो’च घेतो.