पालिकेच्या बागेत डिस्क गोल्फ: माझा आराखडा खेळण्याजोगा आहे का?

मैदानवेडी, गोरेगाव

नमस्कार मंडळी. मी शाळेत पी.टी. शिकवते. आमचा दहा-बारा जणांचा ग्रुप आहे, बहुतेक जण पूर्वी जुहूच्या वाळूत अल्टिमेट (फ्रिस्बीचा सांघिक खेळ) खेळायचे. आता गुडघे कुरकुरतात, म्हणून डिस्क गोल्फकडे वळलोय: गोल्फसारखंच, पण चेंडूऐवजी डिस्क फेकत कमीत कमी थ्रोमध्ये बास्केटमध्ये, म्हणजे खांबावरच्या साखळ्यांच्या टोपलीत, टाकायची. घराजवळ पालिकेची बाग आहे, पाच एकरांच्या आसपास. रविवारी सकाळी तिथे सुट्या बास्केट मांडायच्या, खेळ झाला की उचलून न्यायच्या, असा बेत. परवानगीच्या अर्जाला नकाशा जोडायचाय, म्हणून आधी इथे विचारते.

बाग आयताकृती. पूर्व-पश्चिम साधारण दोनशे मीटर, दक्षिणोत्तर शंभर. गेट पूर्वेला. कुंपणाला लागून आतून चालायचा ट्रॅक, पूर्ण वळसा. उत्तरेला पर्जन्यवृक्षांची रांग. मधे हिरवळ आणि तिच्या बरोब्बर मध्यावर पुरुषभर उंचीचा मातीचा उंचवटा. नैऋत्येच्या कोपऱ्यात झोपाळे-घसरगुंड्या, आग्नेयेला ओपन जिम.

मी ९ होल, म्हणजे फेकायच्या जागेपासून बास्केटपर्यंतचे टप्पे, बसवलेत. १ ते ३ गेटपासून उत्तरेच्या झाडांच्या कडेने पश्चिमेकडे, प्रत्येकी ५०-६० मीटर. ४ आणि ५ उंचवट्याच्या आसपास, छोटे. ६ ते ८ दक्षिणेच्या कडेने परत पूर्वेकडे. ९वा माझा लाडका: गेटजवळून हिरवळीच्या मधोमध, उंचवट्यावरून पलीकडे, ११० मीटर. आम्ही सगळे उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून बाहेर नेत) फेकतो, डिस्क शेवटी डावीकडे वळते. म्हणून ट्रॅक मुद्दाम उजव्या हाताला ठेवलाय, म्हणजे डिस्क बागेच्या आतच वळेल.

सांगा, कुठे चुकतंय? आणि ९वा होल काढायला सांगू नका, प्लीज.

शिवाजीपार्क_कट्टा

एवढा खटाटोप कशाला? दादरला या. शिवाजी पार्क २८ एकर आहे की. झाडं कडेला, मधे मोकळं.

डावखुरा_ठाणेकर

कट्टेकर, त्या मोकळ्या जागेत रविवारी किती सामने एकमेकांत गुंतलेले असतात ते तुम्हाला कट्ट्यावरून दिसत असेलच. एकाचा लाँग-ऑन हा दुसऱ्याचा स्लिप. त्यात आपण बास्केट कुठे रोवायच्या?

ताई, आता तुमच्याकडे येतो. नोकरीनिमित्त काही वर्षं सॅन फ्रान्सिस्कोला होतो, गोल्डन गेट पार्कातल्या १८ होलवर दर आठवड्याला खेळायचो. तेव्हा जरा सविस्तर लिहितो, आणि ९वा होल काढायलाच सांगणार आहे.

आधी ट्रॅकचं. उजव्या हाताचा बॅकहँड शेवटी डावीकडे वळतो, बरोबर. पण हे नीट सुटलेल्या थ्रोचं झालं. नवखा माणूस जोर लावायला गेला की मूठ घट्ट राहते, डिस्क उशिरा सुटते आणि सरळ उजवीकडे जाते, तीही पूर्ण वेगात. म्हणजे तुमच्या १, २, ३ आणि ६, ७, ८ या सहाही होलवर सगळ्यात वाईट थ्रो सगळ्यात जास्त वेगाने चालणाऱ्यांच्या अंगावर. शिवाय मी डावरा. माझा चांगला बॅकहँडसुद्धा उजवीकडेच वळणार. बागेला उलटा वळसा घातलात तरी सुटका नाही, मग तुमचे चांगले थ्रो ट्रॅकवर जातील. कडेला समांतर फेअरवे (थ्रोची वाट) हीच मुळात अडचण आहे.

अल्टिमेटची सवय असल्यामुळे हे पटकन लक्षात येत नाही. ती डिस्क १७५ ग्रॅमची असली तरी साडेसत्तावीस सेंटिमीटरच्या आसपास रुंद, कड बोथट. डिस्क गोल्फचा ड्रायव्हर (लांब फेकायची डिस्क) तेवढ्याच वजनाचा, पण जेमतेम २१ सेंटिमीटरचा आणि धारदार कडेचा. पोटरीवर बसला की माणूस खाली बसतो. तेव्हा नकाशावर ठळक लिहा: फक्त पटर (जवळच्या थ्रोची डिस्क), फार तर मिडरेंज (मधल्या अंतराची). ड्रायव्हर घरी. पटरने तुमची मंडळी चाळीस-पन्नास मीटर सहज फेकतील, आणि या बागेत त्याहून जास्त लागतच नाही.

आता उपाय. ट्रॅककडे पाठ करून फेका. टी (पहिला थ्रो फेकायची जागा) ट्रॅकपासून चार-पाच पावलं आत, तोंड बागेच्या मध्याकडे. बास्केट तीनच: एक उंचवट्यावर, एक त्याच्या पूर्वेला चाळीसेक मीटरवर, एक पश्चिमेला तेवढ्याच अंतरावर. प्रत्येक बास्केटला दोन टी, एक उत्तरेकडून, एक दक्षिणेकडून, सरळ न ठेवता थोडे तिरके. झाले सहा होल, ३५ ते ५५ मीटरचे, सगळे पार ३, म्हणजे तीन थ्रोमध्ये संपवायचे. दोन फेऱ्या मारल्या की बारा. बागेची रुंदी शंभर मीटर, त्यामुळे थ्रो लांब गेला तरी पलीकडच्या ट्रॅकच्या अलीकडे त्याचा दम संपतो. पश्चिमेच्या बास्केटचा दक्षिणेकडचा टी मात्र झोपाळ्यांच्या पूर्वेला घ्या, म्हणजे त्यांच्या दिशेने एकही थ्रो नाही. आणि तीन बास्केट दोन स्कूटरवर मावतात.

एक पथ्य: एका बास्केटवर एका वेळी एकच गट. समोरचे पटिंग (बास्केटजवळचे शेवटचे थ्रो, म्हणजे पट) करून बाजूला झाल्याशिवाय दुसऱ्या टीवरून हात उचलायचा नाही. पीडीजीए या डिस्क गोल्फच्या संघटनेच्या नियमांतही हेच आहे, कोणाला लागणार नाही याची खात्री झाल्याशिवाय थ्रो नाही.

नऊ होलचा मोह मला कळतो. पण साधारण हिशेब होलमागे एक एकर असा धरतात, तोही कोर्सला स्वतःची जागा असेल तेव्हा. गोल्डन गेट पार्कात सायप्रस आणि निलगिरीच्या झाडीत कोर्सचा वेगळा पट्टा आहे, तरी फिरणारे लोक मधे येतातच. तुमच्याकडे पाच एकरांत जिम, झोपाळे आणि ट्रॅक.

९वा. उंचवट्यावरून पलीकडे फेकायचं म्हणजे टीवरून बास्केट दिसत नाही, आणि तिथे बॉल शोधत उभं असलेलं पोरही दिसत नाही. कोर्स फक्त खेळाडूंचा असेल तर आंधळा होल मजेचा, सार्वजनिक बागेत अजिबात नको. त्यात वारा. सकाळी सातला आपल्याकडे वारा नसल्यासारखा, असला तर जमिनीकडून, म्हणजे पाठीमागून. अकरा-बाराला समुद्राकडून सुरू झाला की तुमच्या तोंडावर. समोरच्या वाऱ्यात डिस्क आधी उजवीकडे कलते आणि वर उठते, पाठच्या वाऱ्यात लवकर खाली बसते. एकाच होलवर सकाळी पहिली आणि दुपारी दुसरी तऱ्हा. मुद्दाम पूर्व-पश्चिम लांब होल काढून हे दुखणं कशाला घ्यायचं?

उंचवटा मात्र सोडू नका, तुमच्या सपाट बागेतली तेवढीच गंमत आहे. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या डेलाव्हिएगा कोर्सला २७वा होल आहे, ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ म्हणतात, डोंगरावरून खाली फेकायचं. आपल्याला तसं काही मिळणार नाही, पण उंचवट्यावरच्या बास्केटला पट हुकला की डिस्क कडेवर उभी राहून रस्ता चुकलेल्या रिक्षासारखी घरंगळत उताराला लागते. दोन मीटरचा पट पुन्हा बारा मीटरचा होतो. दहा मीटरच्या आत पट सोडल्यावर तोल सांभाळून मार्करच्या (डिस्क पडली होती तिथल्या खुणेच्या) मागेच राहायचं असतं. उतारावर ते करून बघा, मग ११० मीटरची आठवण येणार नाही.

सकाळची_फेरी

मी त्या बागेत चालत नसेन, पण अशाच एका बागेत रोज चालतो, आणि नोकरीची सगळी वर्षं बागकामातच गेली. खेळातलं कळत नाही. झाडांचं सांगतो.

पर्जन्यवृक्षाची मुळं उथळ पसरतात, फरशा उचलतात. त्यांच्यावर टी बसवू नका. एकाच जागी पाय घासून माती घट्ट झाली की मुळांना हवा-पाणी मिळत नाही. हिरवळीवर दर रविवारी टी हात-दोन हात सरकवा, रबरी मॅट टाकत असाल तर खेळ संपल्यावर गुंडाळा. बास्केटभोवतीही तेच, सगळे तिथेच उभे राहणार. तिन्ही बास्केट दर खेपेला थोड्या हलवा.

फांदी मधे येते म्हणून माळ्याला ‘जरा छाटून दे’ असं सांगायचं नाही. १९७५च्या वृक्ष कायद्याखाली वृक्ष प्राधिकरण आहे, परवानगीशिवाय फांदीला हात लावता येत नाही. खिळे ठोकून नंबराच्या पाट्याही नकोत. आणि झाडच लक्ष्य म्हणून वापरणार असाल तर माझा विरोध आजच नोंदवा. कोवळ्या खोडावर रोज थापटा बसला की साल सुटते, मग कीड.

जून ते सप्टेंबर हिरवळ बंद ठेवलीत तर बागेतला प्रत्येक माणूस तुमच्या बाजूने राहील. ओल्या हिरवळीवर बारा माणसांनी तासभर नाचल्यावर तिथे हिरवळ उरत नाही, चिखल उरतो.

शिवाजीपार्क_कट्टा

बरं, दादर रद्द. पण बास्केटला खर्च येतो त्याचं काय? आणि डिस्कचा रंग कुठला घ्यावा?

डावखुरा_ठाणेकर

सुरुवातीला बास्केट नसली तरी चालतं. १९७५ साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कात एड हेड्रिक यांनी पहिला कायमचा कोर्स आखला, तिथेही आधी नुसते खांबच होते. लागलं की होल पूर्ण. साखळ्यांची बास्केट त्यांनीच नंतर काढली. तुम्ही जुन्या टायरमध्ये काँक्रीट भरून त्यात बांबू उभा करा, वर रंगीत फडकं. साखळ्या नाहीत म्हणजे सकाळी साडेसहाला खणखणाट नाही, शेजारच्या बिल्डिंगमधून कोणी गॅलरीत येऊन ओरडणार नाही. हा फायदा तिकडे कोणाला सुचला नसता.

रंग: हिरवा अर्थातच नको. पिवळा सोनमोहराखाली हरवतो, लाल-केशरी मे महिन्यात गुलमोहराखाली. भडक गुलाबी किंवा निळा घ्या.

फेरीकाका, बास्केट हलवण्याची सूचना खेळाच्या दृष्टीनेही उत्तम आहे. जागा बदलली की होल नवा होतो.

मैदानवेडी

९व्या होलला श्रद्धांजली वाहिली. नकाशा पुन्हा काढतेय: सहा टी, तीन बांबू, फक्त पटर, पावसाळ्यात बंद. काका, अर्जात तुमची टी सरकवण्याची अट आमच्याच तोंडून घालते, चालेल ना?

एक शंका राहिली. उत्तरेकडचे टी ट्रॅककडे पाठ करून घेतले तर समोर पर्जन्यवृक्षांच्या खालच्या फांद्या येतात, डोक्याहून हातभर वर. मुलांना फांदीखालून फेकता येईल का, की टी रांगेच्या आत, हिरवळीवरच घेऊ?

डावखुरा_ठाणेकर

आत घ्या. फांदीखालून सपाट फेकायला मजा येते, पण नवखे घाबरून वर फेकतात आणि डिस्क झाडात अडकते. मग ती काढायला कोणीतरी चप्पल भिरकावतं, तीही अडकते. उत्तरेचे होल त्यामुळे दहा मीटरने कमी होतील, होऊ देत. दोन्ही बाजूंची अंतरं वेगळी झाली तर उलट बरंच. सरावलेल्यांसाठी नंतर एखादा टी रांगेच्या मागे ठेवता येईल.

सकाळची_फेरी

चालेल. फक्त अर्जात वेळही लिहा. रविवारी आठपर्यंत ट्रॅकवर गर्दी असते, नंतर आम्ही सगळे इडलीला जातो. सव्वाआठची वेळ मागा.