मदत हवी आहे: लाकडी जिन्याच्या आखणीत गणित आणि गुण्या यांच्यात १७ मि.मी.चा फरक येतो

नमस्कार. सावंतवाडी तालुक्यातील आमच्या जुन्या जांभ्याच्या घरात पोटमाळ्यावर जाण्यासाठी आजवर एक उभट, शिडीवजा जिना वापरात होता. तो काढून त्या जागी वयस्कर माणसांना कठडा धरून सहज चढता-उतरता येईल असा सागवानी सरळ जिना बसवायचा आहे. लाकूड आणून ठेवले आहे, परंतु अद्याप करवत लावलेली नाही, कारण स्ट्रिंगरच्या, म्हणजे पायऱ्यांना दोन्ही कडांनी आधार देणाऱ्या तिरप्या फळ्यांच्या, आखणीतच एक कोडे उभे राहिले आहे.

खालच्या तयार फरशीपासून वरच्या फळ्यांच्या तयार जमिनीपर्यंतची उंची २७०० मि.मी. आहे. तिचे १५ समान भाग केले असता प्रत्येक पायरीची उंची १८० मि.मी. येते, आणि शेवटचे पाऊल वरच्या जमिनीवरच पडत असल्यामुळे प्रत्यक्षात बसवायच्या पायऱ्या १४ राहतात. पाऊल ठेवण्याची खोली २५० मि.मी. धरली आहे. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये राहत्या घरासाठी पायरीची उंची जास्तीत जास्त १९० आणि खोली कमीत कमी २५० मि.मी. सांगितलेली आहे, त्यामुळे हे प्रमाण योग्य वाटते. दोन उंच्या आणि एक खोली यांची बेरीज ६१० होते, तीही सोयीच्या जिन्यासाठी सांगितल्या जाणाऱ्या मर्यादेत बसते.

१८० आणि २५० या काटकोनी बाजूंवरचा कर्ण ३०८.०६ मि.मी. येतो. म्हणून फळीच्या कडेवर १४ पायऱ्यांचे एकूण अंतर सुमारे ४३१३ मि.मी. भरायला हवे. आमचे सुतारकाका मोठा पोलादी गुण्या, म्हणजे काटकोन आखण्याचे दोन भुजांचे साधन, वापरतात. त्याच्या दोन्ही भुजांवर ठरलेल्या मापाशी पितळेच्या लहान टेकण्या घट्ट बसवून ते तो गुण्या फळीच्या कडेवरून एकेक पाऊल पुढे सरकवत खुणा करतात. त्यांचा हात अतिशय स्वच्छ आहे, तरीही त्यांच्या पद्धतीने हेच अंतर ४३३० मि.मी. भरले, आणि फळी पालटून पुन्हा आखल्यावरही तेवढेच भरले. टेकण्या एका भुजेवर ७ इंच १ सूत आणि दुसऱ्या भुजेवर ९ इंच ७ सूत अशा लावलेल्या होत्या.

गुण्या काटकोनात नसेल का, पेन्सिलीच्या रेषेच्या जाडीने प्रत्येक पायरीला थोडे थोडे वाढत गेले असेल का, की फळीच्या बाकामुळे हे होत आहे? पायऱ्यांच्या फळ्या ३८ मि.मी. जाडीच्या आहेत, त्या जाडीचा हिशेब कोठे धरायचा हेही कृपया सांगावे. स्ट्रिंगरच्या फळ्या २९० मि.मी. रुंद आणि ५० मि.मी. जाड आहेत.

पहिला प्रतिसाद

आपण टेकण्यांची मापे लिहिली हे फार बरे झाले, कारण उत्तर त्यांतच आहे. एका इंचाचे ८ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मि.मी. या हिशेबाने ७ इंच १ सूत म्हणजे १८० नव्हे, तर १८०.९७५ मि.मी., आणि ९ इंच ७ सूत म्हणजे २५०.८२५ मि.मी. या दोन मापांचा कर्ण ३०९.३ मि.मी. येतो आणि १४ पायऱ्यांचे अंतर ४३३० मि.मी. होते. तुम्हाला दोन्ही वेळा मिळाले ते हेच. सुतारकाकांनी गुण्यावर जे माप लावले तेच फळीवर अचूक उतरवले आहे. फरक मि.मी.मधील माप जवळच्या सुतावर नेताना पडला.

गुण्याबद्दलची शंका रास्त असली तरी एवढा फरक त्याने पडणे अवघड आहे. १४ पायऱ्यांत १७ मि.मी. वाढण्यासाठी गुण्या ४०० मि.मी. लांबीला ३ मि.मी.हून अधिक उघडलेला असावा लागेल, आणि तसे असते तर काकांच्या नजरेतून ते सुटले नसते. खात्री करायची असल्यास सरळ कडेच्या प्लायवुडवर गुण्या टेकवून एक रेषा ओढावी, मग तो उलटवून त्याच बिंदूतून दुसरी रेषा ओढावी. दोन रेषांमध्ये जेवढे अंतर पडेल, त्याच्या निम्मा गुण्याचा खरा दोष असतो. दोष निघालाच तर कोपऱ्याच्या आतल्या बाजूला पंच मारून गुण्या थोडा उघडता येतो आणि बाहेरच्या बाजूला मारून मिटवता येतो. मात्र हे काम जाणत्याच्याच हाती द्यावे.

आखणी आहे तशीच ठेवली तर काय होईल, तेही पाहू. १४ पायऱ्या मिळून २५३४ मि.मी. चढतील आणि वरच्या जमिनीपर्यंतची शेवटची उंची १८० ऐवजी १६६ मि.मी. उरेल. उलट सोपे पडते म्हणून कोणी सरळ ७ इंच धरले असते, तर शेवटची उंची २११ मि.मी. झाली असती. अमेरिकेतील निवासी बांधकामाच्या संहितेत एका जिन्यातील सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान उंचीत पाऊण इंचाच्या निम्मा, म्हणजे सुमारे ९.५ मि.मी., एवढाच फरक चालतो. पायाला पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच उंचीची सवय होते, आणि उतरताना वरची वेगळी पायरी सर्वांत आधी येत असल्यामुळे धोका तिथेच अधिक असतो. आपल्या घरात वयस्कर माणसे आहेत, म्हणून मी तर ३ मि.मी.चाही फरक राहू देणार नाही.

उपाय म्हणून गुण्यावरील आकडे बाजूलाच ठेवावेत. प्लायवुडवर पोलादी पट्टीने १८० आणि २५० मि.मी.चा काटकोन त्रिकोण काढावा, त्यावर गुण्या ठेवून टेकण्या त्या दोन टोकांशी जुळवाव्यात. त्यानंतर पाऊल सरकवण्यापूर्वी फळीच्या कडेवर पोलादी टेप एकदाच लावून, शून्य न हलवता, ३०८, ६१६, ९२४ अशा क्रमाने थेट ४३१३ पर्यंत सर्व खुणा धारदार सुरीच्या टोकाने कराव्यात. गुण्या प्रत्येक वेळी त्या खुणेशीच जुळवला की एका पायरीतील केसभर चूक पुढच्या पायरीत जात नाही. टेकण्या असूनही हे करावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

दुसरा प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी सहमत. फळीच्या बाकाबद्दल एवढेच लिहितो की कड सरळ नसेल तर तिचा उपयोग आधाररेषा म्हणून करू नये. फळीचा फुगीर भाग वर ठेवावा, दोन टोकांमध्ये खडूची दोरी ताणून रेषा मारावी आणि खुणा त्या रेषेवर कराव्यात. गुण्याच्या टेकण्यांना टेकायला तिथे एक सरळ पट्टी शिकंज्यांनी आवळून धरावी.

पायरीच्या जाडीचा हिशेब फक्त खालच्या टोकाला करायचा असतो. सर्व खाचा कापल्यावर त्यांवर ३८ मि.मी.च्या फळ्या बसतील, त्यामुळे प्रत्येक पायरी तेवढीच वर जाते आणि मधल्या उंच्या आपोआप १८० राहतात. पहिली पायरी मात्र जमिनीपासून २१८ होते आणि शेवटची उंची १४२ उरते. म्हणून संपूर्ण स्ट्रिंगरचा तळ ३८ मि.मी. कापून पहिल्या खाचेची उंची १४२ करावी. पडताळणीसाठी, सर्वांत वरच्या खाचेचा आडवा काप वरच्या तयार जमिनीपासून बरोबर २१८ मि.मी. खाली आला पाहिजे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सुतापेक्षा लहान भाग गुण्यावर नसल्यामुळे काकांनी जवळचे माप घेतले होते, हे त्यांना विचारल्यावर समजले. प्लायवुडच्या त्रिकोणाची कल्पना त्यांना पटली आहे. आणखी एक प्रश्न विचारतो. एवढ्या खोल खाचा कापल्यावर फळीत पुरेसे लाकूड उरेल का?

पहिला प्रतिसाद देणारे

१८० आणि २५० च्या खाचेची फळीच्या कडेपासून काटकोनात मोजलेली खोली १४६ मि.मी. होते, म्हणजे २९० मधून १४४ मि.मी. अखंड लाकूड उरते. अमेरिकेत घराबाहेरील लाकडी जिन्यांसाठी किमान ५ इंच, म्हणजे १२७ मि.मी., मागितले जाते, त्यामुळे आपण सुरक्षित बाजूला आहात. मात्र खाचेच्या आतल्या कोपऱ्याजवळ गाठ येणार नाही अशा रीतीने फळी आधीच मागे-पुढे सरकवून पाहावी. यंत्राची गोल करवत कोपऱ्याच्या अलीकडे थांबवावी आणि उरलेला काप हातकरवतीने पुरा करावा, कारण गोल पाते रेषेपुढे गेले की तो काप उरलेल्या १४४ मध्ये घुसतो. दुसरा स्ट्रिंगर नव्याने आखू नये. पहिला कापून, जागेवर उभा करून, पायऱ्या पाणसळीने तपासून झाल्यावर त्यालाच साचा मानून दुसरा उतरवावा.

तिसरा प्रतिसाद

२७०० हे माप कोठे घेतले, ते एकदा तपासावे. जुन्या घरांतील जमिनीला बहुधा उतार असतो, आणि पोटमाळ्याच्या तोंडाखाली घेतलेली उंची साडेतीन मीटर पुढे, जिथे जिना प्रत्यक्ष टेकणार आहे, तिथे लागू पडेलच असे नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून वरच्या जमिनीची पातळी जिन्याच्या पायथ्यावर आणावी आणि तेथून खाली मोजावे. मापात बदल निघाल्यास नव्या उंचीला १५ ने भागून प्लायवुडचा त्रिकोण पुन्हा काढावा. जुनाच त्रिकोण ठेवून फरक पहिल्या पायरीत मुरवू नये.