डायलिसिसच्या शेवटच्या तासाला गोळे येतात, बीपी पडतं: काय बदलता येईल?

प्रश्न (सुहास_कुडाळ): वडील 64 वर्षांचे. आठवड्यात तीन डायलिसिस, प्रत्येकी 4 तास. ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन) 58 किलो. दोन दिवसांच्या सुट्टीनंतर वजन 3.8 किलोने वाढलेलं असतं. शेवटच्या तासाला पोटरीत गोळे येतात, बीपी 90 च्या खाली जातं आणि दुसरा दिवस झोपून जातो. पाणी मोजूनच देतो. गणपतीला गावी न्यावं का?

उत्तर (टेक्निशियन_मंगेश): आधी गणित बघा. तासाला किलोमागे 13 मिलीपेक्षा जास्त पाणी ओढू नये असा दंडक आहे. 58 किलोला म्हणजे तासाला साधारण 750 मिली, 4 तासांत 3 लिटर. तुम्ही काढायला लावताय 3.8, वर शेवटी रक्त परत देताना जाणारं सलाईन वेगळंच. ऊतींमधलं पाणी रक्तात यायला वेळ लागतो. मशीन त्याहून वेगाने ओढतं, म्हणून बीपी पडतं. त्या दिवशी 5 तास द्या किंवा एक जादा सेशन, असं नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) विचारा. डायलिसेटचं (मशीनमधल्या रक्त शुद्ध करणाऱ्या द्रावणाचं) तापमान 36 अंशांच्या आसपास ठेवलं तरी बऱ्याच जणांचं बीपी टिकतं. मशीनवर असताना पोटभर जेवण नको, रक्त पोटाकडे वळतं. बीपीची सकाळची गोळी त्या दिवशी घ्यायची की नंतर, तेही विचारा. मनाने बंद करू नका.

उत्तर (आहार_वैशाली): पाणी मोजताय, पण मीठ? तहान मीठच लावतं. साधारण 8 ग्रॅम मिठामागे शरीर लिटरभर पाणी धरून ठेवतं. दिवसाचं मीठ 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सकाळीच वाटीत काढून ठेवा. तेवढ्यातच सगळा स्वयंपाक. भाकरीत मीठ नसतं, घात करतात ते तिच्यासोबतचे ठेचा, लोणचं, पापड, सुका बांगडा. आमटी, ताक, पेज, चहा हेही पाण्यातच धरा. आणि दुकानातलं ‘लो सोडियम’ मीठ अजिबात नको, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. मधुमेह असेल तर साखर वाढल्यानेही तहान लागते, ती तपासा.

उत्तर (टेक्निशियन_मंगेश): वैशालीताईंचं बरोबर. एक भर: पायाला सूज नाही, दम नाही, भूक सुधारली आहे आणि तरी गोळे येतात, तर अंगावर मांस चढलं असेल. मग 58 हा आकडाच जुना झालाय, ड्राय वेट नव्याने ठरवून घ्या. उलट भूक मेली असेल तर खरं ड्राय वेट उतरलेलं असतं आणि पाणी आत राहतं.

उत्तर (कोकण_डायलिसिस_मदत): गावी जरूर न्या, पण आधी सेंटर पक्कं करा. सणात खुर्च्या भरलेल्या असतात, तीन-चार आठवडे आधी फोन करा. हेपटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट मागतातच. शिवाय गेल्या तीन डायलिसिसचे चार्ट, ड्राय वेट, हेपरिनचा (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा) डोस, डायलायझरचा (रक्त गाळणाऱ्या फिल्टरचा) प्रकार आणि सुया कुठे टोचतात ते लिहून न्या. योजनेतून मोफत होत असेल, तर त्या सेंटरला ती लागू आहे का ते विचारून घ्या. प्रवासाचा दिवस धरून डायलिसिसच्या सुट्टीचे दोनाचे तीन दिवस होऊ देऊ नका. शहाळं कोणी कितीही प्रेमाने दिलं तरी नाही, पोटॅशियम चढून हृदय थांबू शकतं.

सुहास_कुडाळ: उकडीचा मोदक चालेल?

आहार_वैशाली: एक. नारळ-गुळात पोटॅशियम आहे, त्या दिवशी फळ बंद. मधुमेह असेल तर आधी साखर बघा. जेवणातला फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी असेल तर जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर, तासाभराने घेतली तर फुकट जाते.