शब्बाथला पोहायला बंदी: कारण गेलं, मग नियम का राहावा?

किनारा: ज्यू धर्मशास्त्रात शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंतच्या विश्रांतीच्या काळात, पोहणं वर्ज्य. मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या नियमसंग्रहात, झाडावर चढणं, जनावरावर बसणं, टाळ्या, नाच यांच्याच पंगतीत ते बसवलंय. तालमूदमधलं, म्हणजे मिश्नावरच्या चर्चाग्रंथातलं, कारण असं की पोहणारा सांगड (तरंगायचं साधन) बांधायला बसेल, आणि वस्तू तयार करणं हे त्या दिवशी निषिद्ध काम. आज तलावावर सांगड कोण बांधतं? शिवाय सोळाव्या शतकातला शुल्हान आरूख हा ज्यू कायद्याचा ग्रंथ स्वतःच सांगतो की अंगणातल्या, काठ उंच बांधलेल्या हौदात पोहायला हरकत नाही. तरी बहुतेक कर्मठ घरांत तोही बंद! इस्राएलच्या दक्षिण टोकाला इलातला ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. शब्बाथ आनंदाचा दिवस म्हणायचं आणि पोरांना पाण्यापासून लांब ठेवायचं, हे मला पटत नाही.

पाणवठा: असहमत. सांगड हे एकच कारण नाही. ओले केस, पंचा पिळणं निषिद्ध. अंगावरचं पाणी घेऊन सार्वजनिक जागेतून चालणं हाही प्रश्न. म्हणून अश्केनाझी, म्हणजे मध्य-पूर्व युरोपातल्या परंपरेच्या, ज्यूंमध्ये थंड पाण्यात अंघोळ टाळण्याची प्रथा पडली. आणि सूट दिली की काय होतं ते तालमूदनेच नोंदवलंय. शुक्रवारी तापवलेल्या पाण्याने शब्बाथला अंघोळ चालायची. हमामवाले शब्बाथलाच पाणी तापवून 'कालचंच आहे' म्हणू लागले. मग ती अंघोळ बंद केली, तर लोक 'आम्ही नुसते घाम काढायला बसलोय' म्हणत आत शिरले. कुंपण उगाच नाही घातलेलं.

वाळूघड्याळ: पाणवठा, तुम्ही गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. पुढे गालील सरोवराकाठच्या तिबेरियास गावातल्या गरम झऱ्यांवरही बंदी आली. पण लोकांना ती झेपत नाही हे दिसल्यावर रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, ती मागे घेतली, झरे पुन्हा खुले केले. लोकांना काय पेलवतं हे बघणं शास्त्राच्या आतलंच आहे, ती पळवाट नव्हे. विसाव्या शतकात रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनीही उकाड्याने जीव हैराण झालेल्याला थंड शॉवरची मुभा दिली.

पाणवठा: हैराण झालेल्याला! मौजेखातर पोहणाऱ्याला नव्हे. हा फरक तुम्ही गिळून टाकताय.

अष्टमीकर: मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या जुन्या ज्यू समाजातला. कोकणात आमच्या पूर्वजांना 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद. तालमूद त्यांच्यापाशी नव्हता, सांगडीचा वाद त्यांनी ऐकलाही नसेल. तरी बुडणाऱ्या मजुरीची पर्वा न करता बैल सोडून ठेवले. कारण पटलं तरच पाळू असं त्यांनी म्हटलं असतं तर आज आम्ही ज्यू उरलो नसतो. मी पोहत नाही, मुलांनाही पाठवत नाही.

किनारा: अष्टमीकर, त्या पूर्वजांबद्दल आदर आहेच. पण घाणा बंद ठेवणं म्हणजे काम थांबवणं, ते तर शब्बाथचं मूळ. हौदात डुंबणं हे काम कुठून झालं? गरम पाण्याचा नळ सोडू नका म्हणतात ते मला कळतं: जेवढं गरम पाणी बाहेर येतं तेवढं थंड पाणी बॉयलरमध्ये शिरून तापतं, म्हणजे पाणी तापवणं तुमच्याच हातून घडतं. तिथे कृती दाखवता येते. काठ बांधलेल्या हौदात, पंचा न पिळता, अशी कोणती कृती होते ते कुणीतरी सांगा.

पाणवठा: केस. मुलगी पाण्यातून वर आली की तिचा हात आधी केसांकडेच जातो.