प्रोसेसर वर्षानुवर्षं टिकवायचा तर अंडरव्होल्ट करावा, की मूळ सेटिंगला हातच लावू नये?

जैसे_थे (धागाकर्ता)

नवा डेस्कटॉप जोडला की पहिल्याच दिवशी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर) शिरून व्होल्टेज खाली ओढायचं, म्हणजे अंडरव्होल्ट करायचं, ही हल्ली रीतच झाली आहे. 'तापमान १५ अंशांनी उतरलं, स्कोअर तोच' असे स्क्रीनशॉट टाकले जातात आणि खाली वाहवा होते. ज्या यंत्रावर रोजचं काम होतं, त्याला अंडरव्होल्ट करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कोणत्या वेगाला किती व्होल्टेज लागेल याचा तक्ता कारखान्यातच प्रत्येक चिपची चाचणी घेऊन तिच्यात कोरलेला असतो. त्या आकड्यात चिपची आजची गरज असते आणि वर थोडी शिल्लक. भार एकदम आला की व्होल्टेज क्षणभर खचतं, त्यासाठी थोडी, तापमानासाठी थोडी, आणि ट्रान्झिस्टर म्हातारे होतात म्हणून थोडी. वापराबरोबर ट्रान्झिस्टरचं थ्रेशोल्ड व्होल्टेज (तो चालू व्हायला लागणारं किमान व्होल्टेज) सरकतं आणि तोच वेग गाठायला आधीपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. अंडरव्होल्ट करणारा ही म्हातारपणाची पुंजी पहिल्याच दिवशी मोडतो. आज तासभर प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) चाललं, म्हणून दोन वर्षांनी चालेलच असं नाही. यंत्र धाडकन बंद पडलं तर उलट बरं, निदान कळतं तरी. काहीच बंद न पडता बॅकअपच्या झिप फाइलमधला एक बिट उलटला, तर कधी कळणार?

खटपट्या

असहमत, आणि जोरात. मूळ सेटिंगवर इतकी श्रद्धा ठेवायची तर इंटेलच्या कोअर आय९-१३९००के आणि १४९००के यांचं काय झालं ते आठवा. लोकांनी बायोस उघडलंही नव्हतं, तरी चिपा खराब झाल्या.

इंटेलने शोधलेलं कारण असं: कोअरमधल्या क्लॉक पोहोचवणाऱ्या सर्किटला जास्त व्होल्टेज आणि तापमानात लवकर झीज होते, क्लॉकची ड्यूटी सायकल (प्रत्येक ठोक्यात संकेत चालू असण्याचा वाटा) सरकते आणि चालायला लागणारं किमान व्होल्टेज वर जातं. त्यामागे एकटा मदरबोर्ड नव्हता. चिपमधला मायक्रोकोडच (तिचं अंतर्गत सॉफ्टवेअर) गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, तेही यंत्र जवळजवळ रिकामं असताना. ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ मायक्रोकोड आला, त्याने १.५५ व्होल्टच्या वरच्या मागण्या अडवल्या. सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आला, तो रिकाम्या वेळच्या मागण्यांसाठी. मे २०२५ मध्ये ०एक्स१२एफ, हलक्या कामावर कित्येक दिवस सलग चालू राहणाऱ्या यंत्रांसाठी. एवढं झाल्यावर ३ वर्षांची हमी आणखी २ वर्षांनी वाढवावी लागली.

झिजेचा वेग व्होल्टेजबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, झपाट्याने वाढतो. म्हणजे ज्याने पहिल्या दिवशी ८० मिलिव्होल्ट कमी केले, त्याची पुंजी तुमच्यापेक्षा हळू संपते. तुम्ही मोठी पुंजी घेऊन ती रोज जाळताय.

जैसे_थे

त्या प्रकरणात अनेक बोर्डांवरची 'मूळ' सेटिंग इंटेलची नव्हतीच, हे सोयीस्करपणे गाळलंत. पॉवर लिमिट ४०९५ वॅट, म्हणजे मर्यादा नाहीच. करंटची मर्यादाही उघडी. १४९००केला इंटेलची शिफारस पीएल१ (सततची पॉवर लिमिट) आणि पीएल२ (थोड्या वेळाची) दोन्ही २५३ वॅट, आयसीसी मॅक्स (करंटची कमाल) ३०७ अँपिअर. नवं बायोस टाकून 'इंटेल डीफॉल्ट सेटिंग्ज' निवडा, मल्टिकोअर एन्हान्समेंट (सगळ्या कोअरना जास्त पळवणारी बोर्डाची सेटिंग) बंद करा. माझं 'जैसे थे' ते हे.

ओहमकार

दोघेही व्होल्टेज म्हणताय, पण नेमकं कुठलं? चिपने मागितलेलं, बोर्डाने पाठवलेलं आणि सिलिकॉनपर्यंत पोहोचलेलं हे तीन वेगळे आकडे आहेत आणि निम्मे घोटाळे या फरकातून होतात.

बायोसमध्ये 'एसी लोडलाइन' म्हणून एक आकडा असतो, मिलिओहममध्ये. वाटेत किती व्होल्टेज खचणार हे तो चिपला सांगतो, म्हणजे चिप तेवढं आधीच जास्त मागते. समजा तिथे १.१ आहे आणि प्रोसेसर २०० अँपिअर ओढतोय. २०० गुणिले १.१, म्हणजे चिप २२० मिलिव्होल्ट वाढवून मागणार. आता कुणीतरी लोड-लाइन कॅलिब्रेशन (ही घट कमी करणारी बोर्डाची सेटिंग) कडक केलंय, प्रत्यक्ष घट ०.५ मिलिओहमच्या हिशेबाने १०० मिलिव्होल्टच होतेय. उरलेले १२० मिलिव्होल्ट थेट सिलिकॉनवर. 'ऑफसेट' (व्होल्टेज सरसकट कमी-जास्त करण्याच्या) रकान्यात शून्य, आणि मालक समजतो की सगळं मूळ सेटिंगवर आहे.

उलटंही होतं. तापमान कमी दिसावं म्हणून बोर्डाने एसी लोडलाइन फारच खाली ठेवली, तर तो न सांगता केलेला अंडरव्होल्टच. मग कोरा प्रोसेसर पहिल्या आठवड्यात अडखळतो आणि दोष चिपला. बोर्डाच्या खऱ्या लोडलाइनशी एसी आणि डीसी लोडलाइन (चिप आपल्या वॅटचा हिशेब जिच्यावरून करते ती) हे दोन्ही आकडे जुळलेले असावेत, ऑफसेटचा वाद त्यानंतर घाला.

थंडोबा

मोठा लिक्विड कूलर लावला, तापमान ७०च्या आत ठेवलं, की हे सगळं सुटत नाही का? ९५ अंश बघून धडकी भरते.

खटपट्या

@थंडोबा, एएमडीच्या एएम५ सॉकेटवरच्या बहुतेक रायझनना ९५ अंश ही आखलेली कमाल आहे. तिथे पोहोचला की तो वेग कमी करतो, जळत नाही. इंटेलच्या या चिपांना ती १०० आहे. आणि गंमत म्हणजे १४९००के ७० अंशांखाली असेल तरच दोन कोअर ६.० गिगाहर्ट्झपर्यंत नेतो, नाहीतर ५.८. म्हणजे गार ठेवलात की तो जास्त वेग आणि त्यासाठी जास्त व्होल्टेज मागणार. कूलर चांगला घ्याच, पण तो व्होल्टेजला लगाम घालत नाही.

बिटमोज्या

एक खडा माझाही. 'प्रोसेसर अस्थिर' म्हणून येणाऱ्या तक्रारींत मेमरीचा वाटा फार मोठा असतो. एक्सएमपी किंवा एक्स्पो (मेमरी जास्त वेगाने चालवणारी तयार प्रोफाइलं) चालू केलंत की तुम्ही ओव्हरक्लॉक केलंय, आणि मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्याच पोटात आहे. रायझन ७००० मालिकेची अधिकृत मर्यादा दोन स्टिकांना डीडीआर५-५२०० आणि चार स्टिकांना ३६००. चार स्टिका लावून ६००० मागायचे आणि मग प्रोसेसरच्या नावाने बोटं मोडायची! शिवाय एक्स्पोबरोबर एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचं) वर जातं. २०२३ मध्ये रायझन ७०००च्या एक्स३डी चिपा सॉकेटमध्येच जळाल्या, तेव्हा एएमडीला ते १.३ व्होल्टवर अडवावं लागलं.

म्हणून क्रम असा: आधी एक्सएमपी-एक्स्पो बंद. मेमटेस्ट८६चे चार पूर्ण फेरे. ते निर्धोक गेले की वाय-क्रंचरची व्हीटी३ चाचणी, कारण ती मेमरी आणि कंट्रोलर दोन्हींना एकदम घाम फोडते. डीडीआर५मध्ये ईसीसी (मेमरीतल्या चुका पकडून दुरुस्त करणारी सोय) असतंच, असं कुणी म्हणालं तर दुर्लक्ष करा. ते चिपच्या आतल्या पेशींपुरतं असतं, वाटेतल्या चुका त्याला दिसत नाहीत.

खटपट्या

मान्य, पण झिजलेली चिप मेमरी हळू केल्याने दुरुस्त होत नाही, हेही सांगा. तिची खूण वेगळी. २४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड असताना गेम सुरू होताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश येतो. कार्ड निर्दोष असतं. त्या क्षणी शेडर (ग्राफिक्स कार्डसाठीचे छोटे प्रोग्रॅम) उलगडण्याचं काम प्रोसेसर करत असतो, उलगडलेला डेटा चुकीचा निघतो आणि इंजिन भलतंच कारण सांगतं. मोठी ७-झिप फाइल उलगडताना सीआरसीची (डेटा जुळतो का हे तपासणाऱ्या आकड्याची) चूक येते, तीच फाइल पुन्हा उलगडली की येत नाही, हाही तोच प्रकार.

पडताळा सोपा: पी-कोअरचा (वेगवान कोअरचा) गुणक ५५ वर आणा, म्हणजे ५.५ गिगाहर्ट्झ. बाकी कशालाही हात लावू नका. चूक गेली तर चिपची शिल्लक संपली असं धरून हमीत द्या. नवा मायक्रोकोड पुढची झीज थोपवतो, झालेली भरून काढत नाही.

ओहमकार

त्या गुणकातच या धाग्याचं उत्तर आहे असं मला वाटतं, दोघांनाही आवडणार नाही तरी. व्होल्टेज खाली ओढू नका, वेग खाली आणा. १४९००केला सगळ्या पी-कोअरना ५७ची मर्यादा घाला. ६.० वरून ५.७, म्हणजे एका कोअरच्या कामात फार तर ५ टक्के घट, सगळ्या कोअरच्या कामात काहीच नाही, कारण तिथे तो मुळातच ५.७च्या वर जात नाही. तक्त्यातल्या सर्वात महागड्या वरच्या पायऱ्या गेल्या, शिखराचं व्होल्टेज उतरलं, आणि कारखान्याने ठेवलेली शिल्लक जशीच्या तशी राहिली. ऑफसेट लावलात की अख्खा तक्ता सरकतो, खालचं टोकही. म्हणून तासभर रेंडरिंग झेलणारं यंत्र रात्री रिकामं असताना रीस्टार्ट होतं.

जैसे_थे

हे मला आवडलं, कारण हा अंडरव्होल्ट नाहीच. :)

खटपट्या

रायझनवर इतकं सरळ नाही. ६५ वॅटचा इको मोड लावला की पॅकेजला ८८ वॅटची मर्यादा पडते, पण एकच कोअर धावताना वॅट मुळातच कमी असतात, त्यामुळे शिखराचं व्होल्टेज तसंच राहतं. तिथे मला कर्व्ह ऑप्टिमायझरच (प्रत्येक कोअरचं व्होल्टेज पायऱ्यांनी कमी करणारी सेटिंग) बरा वाटतो. मात्र सरसकट उणे ३० टाकणाऱ्यांच्या मी बाजूने नाही. एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची, म्हणजे उणे ३० म्हणजे ९० ते १५० मिलिव्होल्ट. कंपनीने ज्यांना आधीच 'उत्तम' ठरवलंय त्या दोन कोअरना बहुधा सर्वात कमी सवलत मिळते, ते सर्वाधिक वेग गाठतात म्हणून. त्यांना उणे १० पासून सुरुवात करा, बाकीच्यांना उणे १५ ते २०.

तपासताना सगळ्या कोअरचा प्राइम९५ लावू नका, तेव्हा वेग खाली आलेला असतो आणि सगळं छान दिसतं. कोअरसायकलर एका वेळी एकाच कोअरला चढवतो, तो रात्रभर सोडा. मध्येच रीस्टार्ट झालं तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगरची (हार्डवेअरच्या चुकांची) नोंद १८ उघडा, त्यात एपिक आयडी (चूक कुठे झाली त्याचा क्रमांक) असतो. आठ कोअरच्या चिपवर एसएमटी (एका कोअरवर दोन थ्रेड) चालू असेल तर त्याला दोनाने भागा: १० असेल तर कोअर क्रमांक ५. फक्त त्याच कोअरला पाच पायऱ्या परत द्या.

जैसे_थे

आणि रात्रभर पास झालं की त्या कोअरजवळ म्हातारपणासाठी किती उरलं? पास होण्याच्या काठावरचा आकडा शोधून तिथेच थांबणं, हाच तर माझा आक्षेप आहे.

खटपट्या

काठावर थांबायचं नाहीच. पास झालेल्या आकड्यातून आणखी पाच पायऱ्या परत घ्यायच्या. हा नियम मी वर लिहायला हवा होता, चूक माझी. आणि तुमची कारखान्याची शिल्लकही काही ब्रह्मवाक्य नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये नोंदवलंय की काही हजार यंत्रांमागे मोजके कोअर गुपचूप चुकीची उत्तरं देतात. ती यंत्रं कुणी अंडरव्होल्ट केलेली नव्हती.

बिटमोज्या

आणि तसली चूक ईसीसीलाही पकडता येत नाही. बेरीजच चुकली तर चुकलेला आकडा मेमरीत बिनचूक साठवला जातो.

ओहमकार

जाता जाता: बायोस अपडेट केलं की बहुतेक बोर्डांवर या साऱ्या सेटिंग पुसल्या जातात, आणि जुनं प्रोफाइल परत भरलं तर जुनी लोडलाइनही परत येऊ शकते. आकडे हाताने भरा, मग एचडब्ल्यू-इन्फोमध्ये मायक्रोकोडचा क्रमांक आणि हलक्या कामातलं कमाल व्हीआयडी (चिपने मागितलेलं व्होल्टेज) बघून घ्या. @थंडोबा, तुमचा प्रोसेसर कोणता ते सांगितलंच नाहीत.

थंडोबा

१३७००, के नसलेला. म्हणजे मी सुटलो ना?

खटपट्या

नाही. या दोषाच्या चिपांची इंटेलची यादी ६५ वॅटपासून सुरू होते, तुमचा त्यात आहे. आज बायोस टाका.